बाबांचा ३३१८ आणि फॉर्म २९

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र एका मुलीचं आहे. माहेर ठाण्यात, सासर ऐरोलीला. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षं होते, तिथला त्यांचा टोकन नंबर ३३१८. स्कूटर घेतली तेव्हा त्यांनी हट्टानं हाच नंबर मिळवला, २०१४ साली पेट्रोल कार घेतली तेव्हाही. सहा महिन्यांपूर्वी वडील गेले. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे, भाऊ अधूनमधून चालवतो. बदलापूरचं एक कुटुंब गाडी घ्यायला तयार आहे, अकरा हजार विसार देऊन गेलंय. नंबरच्या अंकांची बेरीज सहा येते (३+३+१+८ = १५, मग १+५ = ६), म्हणून त्यांना तो नंबरही हवाच आहे. आई म्हणते, गाडी द्या, नंबर देऊ नका. अहमदाबादचा मावसभाऊ सांगतो, आमच्याकडे नंबर ठेवता येतो. एजंट म्हणतो, ‘वडिलांच्या सह्या तुम्हीच करा, त्यांचा फोन चालू आहे ना, ओटीपी येईल. नंबरचं मागाहून बघू.’ मुलगी स्वतः दिवाळीला नवी गाडी घेणार आहे. बाबांचा नंबर तिच्यावर आणता येईल का, आणि त्यासाठी नेमकं काय करायचं, असा तिचा प्रश्न आहे.

ताई,

नंबराकडे येऊच, पण आधी एक तातडीचं काम. भावाला सांगा की पुढचं काही ठरेपर्यंत गाडी सोसायटीच्या बाहेर काढायची नाही.

तुम्ही लिहिलंय, ‘विमा नोव्हेंबरपर्यंत आहे, ती काळजी नाही.’ काळजी तिथेच आहे. पॉलिसीच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात एक कलम असतं: विमाधारक गेला तर पॉलिसी लगेच रद्द होत नाही, पण मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने किंवा पॉलिसी संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालते. तेवढ्या मुदतीत वारसानं पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी घ्यायची असते. तुमचे तीन महिने केव्हाच उलटले. पहिल्या पानावर नोव्हेंबर छापलेला असला तरी उद्या घोडबंदर रोडवर गाडी कुणाला लागली, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी दोन हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंड ही किरकोळ बाब. समोरच्याला इजा झाली तर भरपाई घरातून द्यावी लागू शकते, आणि ती लाखांत जाते. तेव्हा मृत्यूचा दाखला घेऊन याच आठवड्यात विमा कंपनीच्या शाखेत जा आणि वारसाच्या नावे कव्हर कसं देता ते विचारा. गाडी त्यानंतरच हलवायची.

दुसरी गोष्ट एजंटची. वडिलांच्या नावाची सही तुम्ही करणं याला बनावट सही म्हणतात. ‘सगळेच करतात’ असं तो म्हणेल, आणि खरंच बरेच जण करतात. बिंग फुटतं ते तीन-चार वर्षांनी, गाडीचा अपघात होतो किंवा पुढचा विक्रेता-खरेदीदार भांडतात तेव्हा. फॉर्मवरची सहीची तारीख आणि दाखल्यावरची मृत्यूची तारीख शेजारी ठेवली की सगळं उघड होतं. ओटीपीचंही तेच. आधारचा ओटीपी म्हणजे ‘हा मीच’ असं सांगणं. गेलेल्या माणसाच्या वतीनं ते कुणीच सांगू शकत नाही. या एजंटकडून काम काढून घ्या. सह्या केलेले कोरे कागद त्याच्याकडे दिले असतील तर ते आधी परत मागा.

आता नंबर.

पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय, ‘नंबर बाबांचा आहे, गाडीबरोबर का जावा?’ भावना समजते, पण आरटीओच्या दप्तरात चित्र उलटं असतं. नोंदणी करणारा अधिकारी क्रमांक देतो तो वाहनाला, माणसाला नाही. मालक बदलला तरी क्रमांक त्याच चासी नंबरासमोर राहतो. गाडी ठाण्याहून बदलापूरला गेली, म्हणजे कल्याण कार्यालयाच्या एमएच-०५ हद्दीत गेली, तरी पाटीवर एमएच-०४ च राहतं, कारण राज्याच्या आत गाडी कुठेही हलली तरी नंबर बदलत नाही. तो बदलावा लागतो गाडी कायमची दुसऱ्या राज्यात गेल्यावर. बाबांनी २०१४ मध्ये पसंतीच्या नंबरासाठी पैसे भरले ते त्या गाडीला तो क्रमांक मिळावा म्हणून. ती पावती जमिनीच्या सातबाऱ्यासारखी वारसाहक्कानं चालत येत नाही.

मावसभाऊ मात्र थापा मारत नाहीये. गुजरातेत आणि दिल्लीत जुना नंबर राखून नव्या गाडीवर घेण्याची सोय आहे. मोटार वाहन कायदा देशाला एक असला, तरी पसंतीच्या क्रमांकाचे नियम प्रत्येक राज्य आपापले करतं. आपल्याकडे ते महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ५४-अ खाली येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये इथले दर वाढले, आणि पसंतीचा क्रमांक पती, पत्नी, मुलगा, मुलगी यांच्या नावे करता येण्याची मुभाही त्याच वेळी आली. ती बातमी वाचून लोक म्हणतात, ‘आता नंबर घरात फिरवता येतो.’ जरा जपून. क्रमांक कुणाच्या नावे असावा हा एक प्रश्न, आणि अकरा वर्षं रस्त्यावर असलेल्या गाडीचा क्रमांक उतरवून दुसरीवर चढवायचा हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावून कुणाला पैसे देऊ नका.

नंबर राखण्याची परवानगी जिथे मिळते तिथलं गणित साधारण असं असतं: जुनी आणि नवी गाडी एकाच नावावर, दोन्ही एकाच प्रकारच्या (कारचा नंबर कारला, स्कूटरचा स्कूटरला), आणि जुन्या गाडीला आधी दुसरा क्रमांक मिळालेला. म्हणजे हे सगळं विक्रीच्या आधी व्हावं लागतं. गाडी एकदा खरेदीदाराच्या नावावर चढली की त्या नंबराबद्दल अर्ज करण्याचा तुमचा अधिकारच संपतो. एजंटचं ‘मागाहून बघू’ म्हणूनच पोकळ आहे, मागाहून बघण्यासारखं काही उरतच नाही.

ठाणे आरटीओला साध्या कागदावर एक अर्ज द्या: गाडीचा क्रमांक, मालक मयत, वारसाचं नाव, आणि हा क्रमांक वारसाच्या नव्या गाडीला राखून मिळावा ही विनंती. प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घ्या आणि उत्तर लेखी मागा. खिडकीवरचं तोंडी ‘होतं’ आणि तोंडी ‘होत नाही’, दोन्ही सारखेच निरुपयोगी. पण व्यवहार या उत्तराच्या भरवशावर आखू नका. होकार आला तर उत्तम. तसं झालं तर जुन्या गाडीचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), नंबरप्लेट, विमा आणि फास्टॅग सगळं नव्या क्रमांकानं करावं लागेल, आणि बदलापूरकरांची सहाची बेरीज जाईल. ते त्यांना आधीच सांगायला हवं. नाहीतर विसार घेऊन फसवलं असा बोल लागेल.

आता ज्या वाटेवर तुम्ही आजच निघू शकता, ती बघा. आईला हवं आहे ते बहुधा चार अंकांत आहे, ‘एमएच-०४’ आणि मधल्या दोन इंग्रजी अक्षरांत नाही. बाबांच्या स्कूटरवर ३३१८ होता आणि कारवरही. दोन्हींची मधली अक्षरं वेगळीच होती आणि तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तेच चार अंक चालू मालिकेत नव्या गाडीसाठी घेता येतात. तो रीतसर पसंतीचा क्रमांक, त्यासाठी कुणाचं मन वळवावं लागत नाही.

दरांच्या बातम्यांनी घाबरू नका. २०२४ मध्ये चारचाकीच्या ०००१ चा दर तीन लाखांवरून पाच लाख झाला, मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या भागात सहा लाख, आणि तेवढेच आकडे छापून आले. ३३१८ चा या शर्यतीशी संबंध नाही. साध्या चार अंकांची रक्कम त्याच्या जवळपासही जात नाही. परिवहनच्या फॅन्सी नंबरच्या पोर्टलवर कार्यालय आणि मालिका निवडून अंक टाकला, की मोकळा आहे की नाही आणि किती भरायचे ते समोर येतं.

अडचण येते ती वेळेची. मालिका ०००१ ते ९९९९ अशी चालते. चालू मालिका ३३१८ च्या अलीकडे असेल तर आत्ताच अडवता येतो. पुढे गेली असेल तर तो अंक बहुतेक कुणाच्या तरी गाडीवर बसलेला असतो, मग पुढची मालिका उघडायची वाट बघायची. नवी मालिका उघडताना कार्यालय जाहीर सूचना काढतं आणि ठरलेल्या तारखांना अर्ज घेतं. अर्जासोबत डिमांड ड्राफ्ट आणि पत्त्याचा, ओळखीचा पुरावा लागतो. एकाच नंबरावर दोन अर्ज आले तर बंद पाकिटात जादा रकमेचे ड्राफ्ट मागवतात, ज्याचा जास्त त्याचा नंबर. ३३१८ वर अशी झुंज होण्याची शक्यता कमीच, पण बेरीज सहावाले असतातच हे तुम्ही पाहिलंच आहे. दुचाकीच्या नव्या मालिकेतून कारसाठी नंबर घेण्याची पळवाटही आहे, तिला तिप्पट शुल्क पडतं. पुढची मालिका दोन-तीन महिन्यांवर असेल तर थांबावं, तिप्पट भरू नये, असं आमचं मत. नवी गाडी दोन-तीन महिने उशिरा आली म्हणून काही बिघडत नाही.

नंबर राखल्यापासून १८० दिवसांत गाडीची नोंदणी झाली नाही तर तो आपोआप सुटतो आणि पैसे सरकारजमा होतात. म्हणून बुकिंगची तारीख बघूनच नंबर घ्या. वेटिंग लांबलेल्या मॉडेलसाठी आठ महिने आधी नंबर अडवून बसलेले लोक असेच पैसे घालवतात.

जास्त नुकसान मात्र शोरूममध्ये होतं. डीलर नोंदणीचे कागद गाडीच्या डिलिव्हरीच्या घाईत ऑनलाइन चढवतो. पसंतीच्या नंबराची पावती त्याच्या हातात नसेल तर यंत्रणा रांगेतला पुढचा नंबर देऊन मोकळी होते, आणि एकदा पडलेला नंबर ‘चुकून पडला’ म्हणून परत फिरत नाही. बुकिंगच्या फॉर्मवरच ठळक लिहून घ्या: पसंतीचा क्रमांक घेतला आहे, पावती मिळाल्याशिवाय नोंदणी करू नये. सेल्समनच्या व्हॉट्सॲपवर टाकलेला निरोप पुरत नाही, कारण नोंदणीचं टेबल वेगळ्या माणसाचं असतं. पावतीवरचं नाव, इनव्हॉइसवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर एक हवं. माहेरचं आडनाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, हा घोळ तर तुमच्यासारख्या प्रत्येकीच्या कागदांत असतो. तो आत्ताच निस्तरा.

तुमचा पत्ता ऐरोलीचा, त्यामुळे गाडी तुमच्या नावावर घेतलीत तर वाशी कार्यालयाची, एमएच-४३ ची मालिका बघावी लागेल. आईच्या ठाण्याच्या पत्त्यावर घेतलीत तर एमएच-०४. मालिका वेगळ्या, म्हणून ३३१८ एका कार्यालयात गेलेला आणि दुसऱ्यात मोकळा असं सहज असू शकतं. दोन्हीकडे बघून मग ठरवा.

नवी गाडी कुणाच्या नावावर, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. पण जुनी गाडी कुणाच्या नावावर करायची हे त्यावर ठरतं, आणि ते आधी ठरवायला हवं.

बाबांच्या नावावरून गाडी थेट बदलापूरकरांच्या नावावर नेण्याचा विचार सोडा. आधी वारस, मग विक्री. मालक गेला की वारसानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून आपल्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. तुमची मुदत गेली आहे, उशिराचं शुल्क भरून काम होईल. फॉर्म ३१ सोबत मूळ आरसी, मृत्यूचा दाखला, चालू विमा, पीयूसी, वारसाचे ओळखीचे नि पत्त्याचे पुरावे, आणि बाकीच्या वारसांचं ‘आमची हरकत नाही’ असं प्रतिज्ञापत्र. इथे ‘चालू विमा’ पुन्हा आला बघा, म्हणून आधी विमा कंपनी. फॉर्मवर चासी नंबरचा पेन्सिलनं घेतलेला छाप लागतो: नंबर कोरलेल्या पत्र्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासायची. अकरा वर्षांच्या गाडीत तिथे ग्रीस आणि गंज बसलेला असतो, छाप पुसट आला की फॉर्म परत. आधी केरोसीनच्या बोळ्यानं पुसून कोरडं करून घ्या.

वारस कोण? तुम्ही गृहीत धरलंय, आई. एरवी तेच योग्य वाटतं. पण विम्यातला नो क्लेम बोनस ध्यानात घ्या. क्लेम न करता गेलेल्या वर्षांबद्दल ही सूट २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली तरी तो माणसाबरोबर नव्या गाडीवर जातो. आणि विमाधारक गेला तर गाडी ज्या जोडीदाराच्या, मुलाच्या किंवा आईवडिलांच्या ताब्यात येते त्याला तो मिळू शकतो. म्हणजे तुम्ही ज्या अर्थानं नंबर ‘बाबांचा’ म्हणता, त्या अर्थानं घरात खरोखर चालत येणारी वस्तू ही आहे, आणि तिच्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही!

समजा नव्या गाडीचा तो हप्ता चौदा हजार आहे आणि बाबांचा बोनस ५० टक्के. सात हजार वाचतात. पण त्यासाठी जुनी गाडी ज्याच्या नावावर आली त्याच्याच नावावर नवी गाडी हवी. कर्ज तुमच्या पगारावर निघणार, म्हणजे नवी गाडी तुमच्या नावावर. मग जुनीही फॉर्म ३१ नं तुमच्याच नावावर घ्या, आई आणि भावाच्या ना-हरकतीसह. नंबर राखण्याच्या अर्जालाही हीच जोडणी बसते, दोन्ही गाड्यांचं नाव एक. शिवाय आईकडे लायसन्स नाही. मालक-चालकाचं अपघात कव्हर लायसन्स असलेल्या मालकालाच मिळतं, त्यामुळे आईच्या नावावर तेही अडकेल. गाडी विकली की विमा कंपनीकडून बोनसचं पत्र लगेच मागून घ्या. नव्वद दिवसांच्या पुढे रेंगाळलात तर हातचं जाईल. पत्र मिळालं की तीन वर्षं वापरता येतं.

भावाला हे नीट समजावून सांगा. ‘ताईच्या नावावर’ ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडू शकते. विक्रीचे पैसे कसे वाटायचे ते ना-हरकतीच्या आधी कागदावर लिहा, मग नाव कुणाचंही असलं तरी कुरकुर राहत नाही.

अजून एक फाटा. २०१४ च्या गाडीचं कर्ज २०१९ मध्ये फिटलं असं लिहिलंय. आरसी काढून बघा, ‘एचपी’ (हायपोथिकेशन, म्हणजे गाडी कर्जाला तारण) म्हणून बँकेचं नाव अजून आहे का. कर्ज फिटलं तरी नाव आपोआप निघत नाही. बँकेची एनओसी आणि बँकेनं सही केलेला फॉर्म ३५ देऊन ते काढावं लागतं. कित्येक घरांत एनओसी कपाटात पडून असते आणि तिची मुदत संपलेली असते. तसं असेल तर बँकेकडून ताजी काढा. वारस म्हणून तुम्हाला तिथेही मृत्यूचा दाखला दाखवावा लागेल. दाखल्याच्या दहा-बारा प्रती महापालिकेतून एकदमच काढून ठेवा.

हे सगळं झालं, गाडी तुमच्या नावावर आली, की विक्री. तुम्ही फॉर्म २९ (विक्रीची सूचना) दोन प्रतींत भरून चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, खरेदीदारानं फॉर्म ३० (गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज) तीस दिवसांत. सही करण्याआधी खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरलेली हवी, कोऱ्या फॉर्मवर सही नको. केंद्रीय शुल्क कारसाठी ३०० रुपये, कार्ड नि टपालाचं वेगळं. चाव्या देताना डिलिव्हरी नोट लिहा: तारीख, घड्याळातली वेळ, किलोमीटरचा आकडा, दोघांच्या सह्या. वेळ लिहायची कारण त्याच संध्याकाळी सिग्नल तुटला तर चलान कुणाचं हे त्यावरून ठरतं. आणि ‘ट्रान्स्फर आम्ही करून घेऊ’ या शब्दावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. त्या प्रकरणात गाडी पुढे एकामागून एक कित्येकांना विकली गेली होती, तरी जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावर आली. पोर्टलवर गाडीच्या तपशिलात बदललेलं नाव स्वतः पाहीपर्यंत शेवटचे वीस-पंचवीस हजार राखून ठेवा, आणि तसं आधीच बोलून घ्या.

बदलापूरकर मागे फिरले आणि जुन्या गाड्यांच्या डीलरला द्यायची वेळ आली, तर तो नोंदणीकृत आहे का बघा. अशा डीलरला गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९-क नं ऑनलाइन जाते आणि तिथून पुढची जबाबदारी त्याची. एप्रिल २०२३ पासून ही सोय आहे. नोंदणी नसलेल्याकडे गाडी महिनोन् महिने तुमच्याच नावावर फिरत राहते.

फास्टॅग विसरू नका. ऐरोली, आनंदनगर, वाशी नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, त्यामुळे ठाण्यातल्या माणसाला काचेवर टॅग आहे हेच आठवत नाही. गाडी नव्या मालकासोबत एक्सप्रेसवेला गेली की पैसे बाबांच्या खात्यातून कटतील. टॅग ज्या बँकेचा, तिला मृत्यूचा दाखला देऊन तो बंद करा, शिल्लक आणि अनामत मागून घ्या, आणि काचेवरचा स्टिकर खरवडून काढा. थकलेली ई-चलानंही आत्ताच बघून भरा.

आता आई. ‘नंबर देऊ नका’ याचा अर्थ एकदा शांतपणे तिच्याकडून समजून घ्या. नव्या गाडीवर ३३१८ आला की ती खूश होईल? की उद्या कळवा नाक्यावर तीच जुनी गाडी, तोच नंबर, आत अनोळखी माणूस, हे दिसण्याची तिला धास्ती आहे? पहिलं असेल तर वर सांगितलेली वाट पुरे. दुसरं असेल तर नव्या गाडीवर कितीही सुंदर नंबर आणला तरी तिचं समाधान होणार नाही. मग विक्री थोडी थांबवलीत तर काय होईल, हेही मोजा. पेट्रोल गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०२९ पर्यंत कागद चालू. खर्च म्हणजे वर्षाचा विमा, पीयूसी, पार्किंग आणि उभ्या गाडीची बसून जाणारी बॅटरी. पण नुसती उभी ठेवायची असेल तर विकणंच बरं. एक वर्ष बंद पडलेल्या गाडीचे टायर आणि रबरी नळ्या जेवढं खातात तेवढं ती चालवूनही लागत नाही. चालती गाडी केवळ नंबर कुणाला मिळू नये म्हणून भंगारात काढणं मात्र, आईचा कितीही मान राखून, आम्ही सुचवणार नाही.

तुम्ही ओघात लिहिलंय की गेल्या वर्षी बाबांनी एचएसआरपी (सरकारनं सक्तीची केलेली सुरक्षा नंबरप्लेट) बसवली तेव्हाची जुनी काळी-पांढरी पाटी माळ्यावर आहे. ती खाली काढा, साबणानं धुवा, आईला द्या. घरात कुठेही लावा, फक्त कुठल्याही गाडीवर नाही. गाडीवरची एचएसआरपी मात्र काढून घेऊ नका. तिच्यावर लेझरनं कोरलेला क्रमांक आहे, मागची खूंटी एकदा बसवली की तोडल्याशिवाय निघत नाही, आणि तोडली तर नव्या मालकाला ७४५ रुपये अधिक जीएसटी भरून दुसरी मागवावी लागेल.

नव्या गाडीच्या आरसीवर नॉमिनीचं नाव घाला, २०२१ पासून ती सोय आहे. फॉर्म ३१ ची तुमची ही सगळी पायपीट बाबांनी एक नाव लिहिलं असतं तर बरीच कमी झाली असती. अर्थात तेव्हा आरसीवर तो रकानाच नव्हता.

बदलापूरकरांना आजच फोन करा. खरं सांगा: वडील गेलेत, गाडी आधी माझ्या नावावर करावी लागेल, दीड-दोन महिने लागतील, नंबराचा अर्ज देणार आहे, नंबर जाईल किंवा राहील. पुढे कागदावर तुम्ही दुसऱ्या आणि ते तिसरे मालक दिसतील, हेही त्यांना आधीच कळू द्या. किंमत त्यावरून थोडी खाली येईल. थांबत नसतील तर अकरा हजार परत करा आणि विसाराच्या चिठ्ठीवर ‘रक्कम परत मिळाली’ लिहून सही घ्या.

आणि बाबांचं सिम अजून बंद करू नका. सही म्हणून ओटीपी द्यायचा नाही हे खरं, पण फास्टॅगचे, चलानांचे, विमा कंपनीचे मेसेज त्याच नंबरावर येत राहणार आहेत. त्याचं रिचार्ज कधी संपतंय ते बघून घ्या.